‘आमची कोठेही शाखा नाही’ : लहान व्यवसायातील व्यक्तिनाम आणि ख्याती

१. विषयप्रवेश

पुण्यातील जुन्या पेठांतून हिंडणाऱ्यास दुकानांच्या पाट्यांवर एक वाक्य हमखास आढळते : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ या वाक्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. दुकानदाराच्या तऱ्हेवाईकपणाचे ते निदर्शक मानले जाते, आणि त्यात काही तथ्यही असेल. तथापि वाणिज्यशास्त्राच्या अभ्यासकाने ते केवळ विनोद म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. त्यात तीन स्वतंत्र विधाने सामावलेली आहेत. पहिले असे की, याच नावाचे दुसरे दुकान कोठे आढळल्यास ते आमचे नव्हे. दुसरे असे की, येथील माल मालकाच्या नजरेखालून जातो, आणि मालक एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. तिसरे विधान उघडपणे केलेले नसते, पण ते वाक्याच्या पोटात असतेच : हा व्यवसाय मालकापासून वेगळा काढता येत नाही. पहिले विधान गिऱ्हाइकास दिलेला इशारा आहे, दुसरे आश्वासन आहे आणि तिसरे ही मालकाने नकळत दिलेली कबुली आहे.

लहान व्यावसायिकाचे स्वतःचे नाव व्यवसायाचे भांडवल कसे बनते, कायद्याच्या दृष्टीने ते कोणाचे ठरते आणि मालकाच्या पश्चात त्याचे काय होते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘व्यक्तिगत ब्रँड’ हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. अमेरिकन व्यवस्थापनलेखक टॉम पीटर्स यांच्या १९९७ सालच्या एका लेखाने त्याचा विशेष प्रसार केला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मराठीत ‘पत’ या एकाच शब्दाने कर्जफेडीविषयीचा विश्वास आणि माणसाची अब्रू या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. नाव काढणे, नाव राखणे, नाव बुडविणे हे वाक्प्रचारही नाव ही मागच्या पिढीकडून आलेली आणि पुढच्या पिढीस द्यावयाची ठेव आहे, असेच गृहीत धरतात.

२. नावाची आवश्यकता

ज्या बाजारात मालाची प्रत पाहताक्षणी कळते, तेथे विक्रेत्याच्या नावास फारसे महत्त्व उरत नाही. केळ्यांचा घड कोणाकडून घेतला, यापेक्षा तो कसा आहे, हे गिऱ्हाईक स्वतःच पाहू शकते. परंतु पुष्कळशा वस्तूंची स्थिती अशी नसते. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले : ज्यांची प्रत खरेदीपूर्वी पारखता येते अशा, आणि ज्यांची प्रत वापरानंतरच कळते अशा. लोणचे किंवा मसाला हे दुसऱ्या वर्गात मोडतात. १९७३ साली डार्बी व कार्नी यांनी तिसरा वर्ग जोडला. या वर्गातील वस्तूंची प्रत वापरानंतरही सामान्य गिऱ्हाइकास कळत नाही. तेथे विश्वासावाचून दुसरा आधार नसतो. वैद्याचे औषध, घड्याळाची दुरुस्ती आणि सोन्याचा कस ही त्याची उदाहरणे होत.

विक्रेत्यास जे ठाऊक आहे ते खरेदीदारास ठाऊक नसेल, तर बाजाराची काय गत होते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. चांगला व वाईट माल ओळखू येत नसल्याने खरेदीदार सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीस चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. आणि अखेर वाईट माल तेवढा उरतो. या अधोगतीस जे उपाय आहेत त्यांत विक्रेत्याचे नाव हा एक प्रमुख उपाय होय. नाव हे एक प्रकारचे तारण असते. क्लाइन व लेफ्लर यांनी १९८१ साली मांडल्याप्रमाणे, विश्वासू विक्रेत्यास मिळणारी अधिक किंमत हे केवळ पूर्वीच्या सचोटीचे बक्षीस नसते. भविष्यात फसवणूक केल्यास जे गमवावे लागेल तेच ती असते. ज्याला गमावण्याजोगे काही आहे, त्याच्यावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सराफीच्या व्यवसायात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. दागिन्यातील सोने किती कसाचे आहे, हे डोळ्यांस दिसत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सराफाचे नाव हेच कसाचे प्रमाण होते, आणि दागिना मोडावयाचा झाल्यास तो ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच नेण्याची रीत पडली. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याच्या दागिन्यांवर प्रमाणमुद्रा देण्याची योजना सुरू केली आणि २०२१ सालापासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ज्या कामासाठी पूर्वी सराफाच्या नावाची गरज होती, त्यातील एक भाग आता शासनाच्या मुद्रेने उचलला आहे. सराफाचे नाव त्यामुळे निरुपयोगी झाले नाही. घडणावळ, मोडीचा भाव आणि व्यवहाराची रीत यांकडे त्याचे कार्यक्षेत्र सरकले. यावरून एक सामान्य नियम सांगता येतो : मानकाची जेथे उणीव, तेथे नावाचे मोल अधिक.

हुंडीच्या व्यवहारातही याच तत्त्वाचा आढळ होतो. शहाजोग हुंडीची रक्कम कोणाही धारकास मिळत नसे. ती ‘शहा’ म्हणजे बाजारात प्रतिष्ठा असलेल्या व्यापाऱ्यासच द्यावयाची असे. अर्थात कागदावरील आकड्याइतकेच कागद आणणाऱ्याच्या नावालाही महत्त्व होते.

३. नावाची घडण : एक उदाहरण

नाव जाहिरातीने होते की कामाने, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या आरंभीच्या व्यवसायाकडे पाहता त्याचे उत्तर तितके सोपे नाही, असे दिसून येते. पुढे या नावाचा मोठा उद्योगसमूह झाला. परंतु १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने जे सुरू झाले, ते सायकलींचे एक लहानसे दुकान होते. पाटीवर वस्तूचे नाव नव्हते, देवतेचे नव्हते, गावाचेही नव्हते. दोघा भावांचे आडनाव होते. ज्या गावात सायकल हीच नवलाईची वस्तू, तेथे ती विकणाऱ्यास गिऱ्हाइकाच्या मनातील शंकांना स्वतः तोंड द्यावे लागते.

नांगराच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि त्यामुळे पहिले नांगर विकले जाण्यास बराच काळ जावा लागला. ही अडचण जाहिरातीच्या शब्दांनी दूर होणारी नव्हती. शेतकऱ्यास हवी होती ती एका हंगामाची प्रचीती, आणि ती प्रचीती येईपर्यंत कारखानदारास तग धरणे भाग होते. म्हणजे नावाच्या घडणीत केवळ गुणवत्ता लागते असे नव्हे. गुणवत्ता सिद्ध होईपर्यंतचा काळ सोसण्याची ताकद लागते. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ जागा दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. या साहाय्याच्या मागे कारखान्याचा ताळेबंद नव्हता, तर माणसाची पारख होती. बँकेने मान्य केली नसती अशी पत येथे व्यक्तिगत ओळखीने मान्य केली.

छापील शब्दाचा क्रम यानंतर येतो. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या वार्तापत्राचे पुढे सामान्य वाचकांच्या मासिकात रूपांतर झाले, आणि नांगराशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मध्यमवर्गीय घरांतही हे आडनाव पोचले. जाहिरातीचा हा अत्यंत यशस्वी प्रयोग होय, यात शंका नाही. परंतु दुकान १८८८ चे आणि खबर १९२० ची, हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. छापील शब्दाने जे पसरविले ते बत्तीस वर्षांच्या व्यवहाराने आधीच घडलेले होते. जाहिरात नावास दूरवर नेते. नेण्याजोगे काही असावे लागते.

४. ख्यातीचे वास्तव्य

गिऱ्हाईक पुन्हा येते ते कशासाठी? दुकानाच्या जागेसाठी, मालासाठी की माणसासाठी? व्यवसाय विकावयाचा किंवा वाटून घ्यावयाचा झाल्यास या प्रश्नाचे उत्तर पैशांत द्यावे लागते. हिशेबशास्त्रात ज्यास ‘ख्याती’ म्हणतात तिची व्याख्या करताना इंग्लंडमधील लॉर्ड एल्डन यांनी १८१० साली एका निकालात जागेवर भर दिला होता : जुनी गिऱ्हाइके जुन्या जागी येत राहण्याचा संभव, एवढाच तिचा अर्थ. १९०१ साली लॉर्ड मॅकनॉटन यांनी ती व्याख्या व्यापक केली आणि गिऱ्हाईक खेचून आणणारी शक्ती, असे ख्यातीचे वर्णन केले.

१९३४ सालच्या एका इंग्रजी निकालात या शक्तीची फोड प्राण्यांच्या रूपकाने करण्यात आली, आणि ती अध्यापनात फार उपयोगी पडते. मांजर माणसापेक्षा घरास अधिक धरून असते. मालक गेला तरी ते घर सोडत नाही. काही गिऱ्हाइके मांजरासारखी असतात, ती जागेला बांधलेली असतात. कुत्रा मालकामागे जातो. काही गिऱ्हाइके दुकानदार जेथे जाईल तेथे जातात. उंदराला घराचेही सोयरसुतक नाही आणि मालकाचेही नाही. तो कोठेही जातो. यांखेरीज चौथा वर्ग सशाचा. तो केवळ जवळ राहतो म्हणून येतो.

‘आमची कोठेही शाखा नाही’ असे लिहिणाऱ्या दुकानदाराची समजूत अशी असते की, त्याची सर्व गिऱ्हाइके दुसऱ्या वर्गातील आहेत. प्रत्यक्षात चारही वर्गांची सरमिसळ असते, आणि तिचे प्रमाण मालकास सहसा ठाऊक नसते. रस्ता रुंद होऊन दुकान हलवावे लागते, शेजारी नवे दुकान उघडते किंवा मालक आजारी पडून तीन महिने गल्ल्यावर बसू शकत नाही, तेव्हाच ते प्रमाण उघडकीस येते. ज्या व्यवसायात दुसरा वर्ग मोठा असतो, तो मालक असेपर्यंत सर्वांत बळकट आणि मालक गेल्यावर सर्वांत दुबळा असतो. ज्या गुणामुळे नाव मोठे झाले, त्याच गुणामुळे ते नाशवंतही झाले, हा येथील मूळ पेच आहे.

५. नावाची मालकी

नाव हे माणसाचे असते, ही सामान्य समजूत कायद्यास पूर्णपणे मान्य नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम १४ नुसार व्यवसायाची ख्याती ही भागीदारी संस्थेच्या मालमत्तेत गणली जाते. कलम ५५ नुसार संस्थेचे विसर्जन झाल्यानंतर ख्याती विकली गेल्यास जुन्या भागीदारास स्पर्धेचा व्यवसाय काढता येतो. परंतु अन्यथा करार नसल्यास त्याला संस्थेचे नाव वापरता येत नाही, आपणच ती संस्था चालवीत आहोत असे भासविता येत नाही आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकांची मनधरणीही करता येत नाही. संस्थेच्या नावात त्याचे स्वतःचे आडनाव असल्यास या बंधनाची धार विशेष जाणवते. १८७२ च्या करार अधिनियमाने व्यवसायबंदीचे करार सामान्यतः निरर्थक ठरविले असले, तरी कलम २७ मध्ये ख्यातीच्या विक्रीचा अपवाद ठेवला आहे. त्याचे कारण उघड आहे. विक्रेता दुसऱ्या दिवशी समोरच दुकान थाटणार असेल, तर विकत घेणाऱ्याच्या हाती रिकामी पाटीच येईल.

व्यापारचिन्हांचा कायदा या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येतो. १९५८ च्या अधिनियमात आडनाव, व्यक्तिनाम अथवा भारतातील पंथ, जात वा जमात यांचे नाव विशिष्टत्व सिद्ध झाल्यावाचून नोंदणीस सहसा पात्र ठरत नसे. एकाच आडनावाची हजारो माणसे असताना ते एकाच व्यापाऱ्याच्या स्वाधीन का करावे, हा त्यामागील विचार होता. १९९९ च्या अधिनियमात, जो २००३ साली अमलात आला, असा स्पष्ट निर्बंध राहिला नाही. तथापि कलम ३५ ने प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

‘प्रामाणिकपणे’ या एका शब्दावर अनेक वाद उभे राहिले. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या किर्लोस्कर प्रकरणात प्रतिवादी पक्षाच्या चालकाचे आडनावही किर्लोस्करच होते. तरीही त्याच्या कंपन्यांना ते नाव वापरण्यास मनाई करणारा हुकूम न्यायालयाने कायम ठेवला. माणसाला आडनाव जन्माने मिळते. कंपनीचे नाव मात्र तिचे चालक निवडतात, त्यामुळे माणसास मिळणारे संरक्षण कंपनीस आपोआप लागू होत नाही, असा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. उलट २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जवाहिऱ्यांच्या वादात दोन्ही पक्ष एकाच कुटुंबातील होते आणि दोघांच्याही दुकानांवर कुटुंबाचे आडनाव होते. तेथे न्यायालयाने कलम ३५ चा आधार घेऊन प्रतिवादीचा स्वनामाचा हक्क मान्य केला. दोन्ही निर्णयांत तत्त्वाचा विरोध नाही. नाव कोणाचे, यापेक्षा ते कोणत्या हेतूने पाटीवर चढविले आहे, हे न्यायालय पाहते.

नाव विकून टाकल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडातील आहे. १९८१ साली लेडी डायना यांच्या विवाहाचा पोशाख तयार करणाऱ्या दोघा वेशकारांपैकी एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी पुढे आपला व्यवसाय स्वतःच्या नावाच्या चिन्हासह हस्तांतरित केला. ते नाव नंतर अन्य हाती गेले. आता आपला या वस्त्रांशी संबंध नसल्याने नावामुळे गिऱ्हाइकांची फसगत होते, असा आक्षेप त्यांनी घेतला. २००६ साली युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, चिन्ह व्यवसायासह हस्तांतरित झाले असल्याने, केवळ निर्मातीचे नाव त्यात आहे एवढ्यावरून ते फसवे ठरत नाही. जिचे नाव होते, तिलाच ते परके झाले.

६. ताळेबंदातील शून्य

कायद्याच्या दृष्टीने नाव ही मालमत्ता असली, तरी लहान व्यावसायिकाच्या ताळेबंदात तिची नोंद नसते. भारतीय लेखामानक २६ प्रमाणे व्यवसायात आपोआप निर्माण झालेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. विकत घेतलेल्या ख्यातीचीच नोंद होते. हा नियम सावधगिरीचा आहे आणि त्यास कारणही आहे, कारण स्वतःच्या नावाची किंमत स्वतःच ठरविण्याची मुभा दिल्यास हिशेबाला काही अर्थ उरणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, चाळीस वर्षे सचोटीने दुकान चालविणाऱ्याच्या हिशेबात तराजू, कपाटे आणि शिल्लक माल यांची किंमत दिसते. ज्यासाठी लोक येतात त्याची किंमत शून्य असते. कर्ज मागावयास गेल्यावर तारण म्हणून कपाट मांडता येते, नाव मांडता येत नाही.

या शून्याचा प्रश्न करआकारणीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. बंगळूरच्या एका उदबत्ती उत्पादक भागीदारी संस्थेची ख्याती हस्तांतरित झाली होती, आणि तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो की काय, असा वाद होता. १९८१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, स्वयंनिर्मित ख्याती केव्हा जन्मास आली ते सांगता येत नाही, तिच्या संपादनाचा खर्चही ठरविता येत नाही; म्हणून नफा मोजण्याची रीतच येथे लागू पडत नाही. पुढे १९८७ च्या वित्त अधिनियमाने हा खर्च शून्य धरावा, अशी तरतूद केली. करवसुलीपुरता प्रश्न मिटला. परंतु ज्या गोष्टीसाठी एखाद्याचे आयुष्य खर्ची पडले, तिचा खर्च शून्य धरला जातो, हे सत्य त्या तरतुदीने अधिकच ठळक केले.

७. हस्तांतरणाचे तीन मार्ग

नावाचे हस्तांतरण अशक्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ते तीन मार्गांनी होताना दिसते.

पहिला मार्ग वारशाचा. सांगली येथे १८३२ साली सुरू झालेल्या गाडगीळ सराफांच्या पेढीने १९५८ साली पुण्यात दुकान काढले. ‘पु. ना. गाडगीळ’ या नावातील आद्याक्षरे महत्त्वाची आहेत. गाडगीळ पुष्कळ असतात, पु. ना. एकच असतात. मराठी नामपद्धतीत व्यक्तीच्या नावास वडिलांचे नाव जोडलेले असल्याने दोन आद्याक्षरे आणि आडनाव मिळून जवळजवळ चिन्हासारखे काम करतात. ‘आणि सन्स’, ‘बंधू’, ‘आणि मंडळी’ ही शेपटे त्या चिन्हाच्या पुढील वाटचालीची सूचक होत. ज्याचे नाव आहे तो एकटा नाही आणि त्याच्यानंतर कोणी आहे, असे ती सांगतात. वारशाच्या मार्गातील अडचण अशी की, कुटुंब विभागले की नावही विभागले जाते. या पेढीच्या नावानेही आज स्वतंत्रपणे चालणाऱ्या एकाहून अधिक संस्था आहेत. जमीन वाटली की प्रत्येकाच्या हिश्शास कमी येते. नाव वाटले की प्रत्येकास पूर्ण मिळते, पण एकाच्या चुकीचा डाग सर्वांवर पडू शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे हातातील कौशल्य पद्धतीत उतरविणे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली भिलवडी येथे दुग्धव्यवसाय सुरू केला, आणि १९५० साली पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ हे दुकान निघाले. बाकरवडीसारखा पदार्थ प्रथम कारागिराच्या हाताने होत असे. पुढे तो यंत्रावर होऊ लागला. हाताची चव यंत्रास येते काय, हा प्रश्न रसिकांचा आहे. वाणिज्यदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रमाण, तापमान आणि क्रम ठरवून दिल्यावर पदार्थाची खात्री मालकाच्या नजरेवर अवलंबून राहिली नाही. तेथून पुढे शाखा काढणे म्हणजे वचनभंग ठरत नाही. नाव तेच राहते; त्याची हमी मात्र व्यक्तीकडून पद्धतीकडे जाते.

तिसरा मार्ग प्रारंभापासूनच व्यक्तिनाम टाळण्याचा. मार्च १९५९ मध्ये गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पापड हा घरोघरी गृहिणीच्या नावाने वाखाणला जाणारा पदार्थ. तरीही येथे कोणा एकीचे नाव पुड्यावर आले नाही. ज्या लाटतात त्या संस्थेच्या भगिनी आणि मालकही असतात. नाव कोणाचेच नसल्याने ते सर्वांचे होऊ शकले आणि पहिल्या सात जणींनंतरही टिकले. विवाहानंतर नाव व आडनाव बदलण्याची प्रथा ज्या समाजात रूढ होती, तेथे स्त्रियांच्या उद्योगास व्यक्तिनामाचा आधार कितपत मिळाला असता, हाही विचार येथे उद्भवतो.

८. आजची स्थिती

लहान व्यावसायिकाच्या नावाचा प्रसार आज दूरध्वनीच्या पडद्यावरून होतो. मालक स्वतः पदार्थ करून दाखवितो, गिऱ्हाइकांशी बोलतो, आणि अनोळखी लोक तारकांच्या संख्येने त्याची प्रत ठरवितात. या परिस्थितीचा एक लाभ निःसंशय आहे. पूर्वी पेठेबाहेर नाव जाण्यास एक पिढी लागे. आता ज्याच्याजवळ भांडवल नाही, तोही दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतो.

परंतु क्रम उलटला आहे. पूर्वी व्यवहारातून नाव होई. आता पुष्कळदा नाव आधी होते आणि व्यवहार त्यामागून येतो. क्लाइन व लेफ्लर यांच्या भाषेत सांगावयाचे तर, जे नाव अल्प खर्चात व अल्प काळात मिळाले, ते गमावण्याची भीतीही अल्प असते. म्हणून तारण या नात्याने त्याचे मोल कमी. शिवाय मालकाचा चेहराच जेव्हा पाटी होतो, तेव्हा दुकान बंद झाल्यावरही पाटी उतरविता येत नाही. त्याची मते, त्याचे कुटुंब, त्याचे आजारपण ही सर्व व्यवसायाच्या हिशेबात येतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी सामाजिक व्यवहारात रंगमंच आणि पडद्यामागील जागा असा भेद केला होता. जुन्या दुकानदारास ती मागील जागा होती. दुपारी एक ते चार या वेळेत दुकानाचे दार लावून तो तेथे जात असे. त्या बंद दारावरही विनोद झाले आहेत. आपले नाव आणि आपण स्वतः यांत थोडे अंतर राखण्याची ती एक रीत होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

९. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. व्यक्तिनाम हे लहान व्यावसायिकाचे पहिले आणि बहुधा सर्वांत मोठे भांडवल असते. ते जाहिरातीने पसरते, पण परीक्षेचा काळ सोसल्याने घडते. ते व्यक्तीस जितके घट्ट चिकटलेले, तितके तिच्या हयातीत प्रभावी आणि तिच्या पश्चात निरुपयोगी ठरण्याचा संभव अधिक. म्हणून ज्याला ते पुढे द्यावयाचे आहे, त्याने आपल्या हयातीतच त्याची हमी स्वतःकडून अन्यत्र न्यावयास हवी : प्रमाण लिहून ठेवणे, दुसऱ्या हातास शिकविणे, चिन्हाची नोंदणी करणे, आणि भागीदारीपत्रात नाव कोणाकडे राहील याचे स्पष्ट कलम घालणे. यांपैकी शेवटची गोष्ट भावाभावांत बोलण्यास अवघड वाटते, आणि नेमकी तीच न बोलली गेल्याने नावे न्यायालयात जातात.

या विषयावर मराठी प्रदेशापुरते क्षेत्रीय काम होण्यास पुष्कळ वाव आहे. एखाद्या पेठेतील पन्नास वर्षांपूर्वीच्या पाट्या आणि आजच्या पाट्या यांची तुलना, भागीदारीपत्रांतील नावाविषयीच्या कलमांचा अभ्यास, आणि मालकाच्या मृत्यूनंतर पहिल्या तीन वर्षांत दुकानाच्या विक्रीत होणारा बदल, हे तिन्ही विषय पदव्युत्तर विद्यार्थ्यास झेपण्याजोगे आहेत. त्यांतील पहिल्यासाठी वेळ थोडा आहे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे लिहिलेली दुकाने कमी होत चालली आहेत. त्यांतील किती शाखा निघाल्यामुळे कमी झाली आणि किती मूळ दुकानच मिटल्यामुळे, हे पाट्या उतरण्यापूर्वीच विचारून घेतले पाहिजे.